घरघंटीची जागा

आमचं कोपरखैरण्याचं घर इतकं चिंचोळं होतं की हॉलमध्ये एकाने आळस दिला तर दुसऱ्याने आधी खाली वाकायचं. वडील मार्केटात माथाडी. आयुष्यभर पाठीवर कांद्याच्या गोण्या वाहून त्यांनी हे घर उभं केलं आणि निवृत्त झाल्यावर त्याच घरात त्यांना पाय लांब करायला जागा उरली नाही. दिवाण, तीन ट्रंका, साताऱ्याहून आलेल्या ज्वारीचं पिंप, आणि दारापाशी आईची घरघंटी. तिच्यावर आई अख्ख्या गल्लीचं दळण दळायची. दुपारी चारला ती सुरू झाली की भिंतीवरच्या फोटोंतले देव एकमेकांना धरून बसत.

मला ऐरोलीच्या कंपनीत बढती मिळाली तेव्हा मी जाहीर केलं की घराचं काम काढायचं, आणि तेही इंटिरियर डिझायनर बोलावून. वडिलांचं म्हणणं, सुतार आहे, रंगारी आहे, मग मधे ही बाई काय करणार? मी म्हटलं, काय कुठे ठेवायचं ते सांगणार. ते काम तुझी आई चाळीस वर्षं करतेय, असं म्हणून ते कुशीवर वळले.

मॅडम घर मोजायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी एक शहाणपणा केला. पाहुणे येणार म्हटल्यावर पसारा लपवतात, तसा लपवला. ट्रंका, गाद्या, पिंप, सगळं शेजारच्या काकूंकडे. घरघंटी हलवायला वडिलांनी डोक्याला पंचा गुंडाळला आणि सत्तरीचा माणूस ती एकट्याने उचलून असा चालत गेला की गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली.

मॅडम आल्या. वय जेमतेम अठ्ठावीस, हातात लाल ठिपका मारणारं मोजायचं यंत्र. ठिपका जवळ आला की वडील बंदुकीसमोरून सरकावं तसे सरकत. मापं झाल्यावर मॅडम बसल्या, वही काढली आणि म्हणाल्या, घर कसं दिसणार ते नंतर. सकाळी उठल्यापासून कोण काय करतं ते आधी सांगा.

आम्ही रांगेने खोटं बोललो. वडील पहाटे योगासनं करतात असं निघालं. त्यांचं आसन एकच, आणि ते दिवाणावर दुपारपर्यंत चालतं. मी म्हणे रोज जाडजूड पुस्तकं वाचतो. बायको झाडं जोपासते; तिच्या हातून कोथिंबीर फ्रीजमध्येसुद्धा मरते. आईचा नंबर आला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच दटावलं.

"मी काय, घरीच असती," आई म्हणाली.

मॅडम पुन्हा कधीही येतील म्हणून सामान मी काकूंकडेच राहू दिलं. दहा दिवसांनी मॅडमनी लॅपटॉपवर चित्र दाखवलं. त्यात आमचा हॉल एवढा मोठा की दोन लग्नं एकदम लागावीत. सोफ्यावर एक सडपातळ बाई कॉफी पीत बसली होती. ही कोण आणि इथंच राहणार का, असं वडिलांनी काळजीने विचारलं. योगासनांना कोपरा, पुस्तकांना भिंत, झाडांना स्टँड. दारापाशी, घरघंटीच्या जागी, उंच पांढरी फुलदाणी आणि तिच्यात तीन वाळक्या काड्या.

आईने त्या काड्यांकडे पुष्कळ वेळ पाहिलं. छान हाय, म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

त्यानंतर ती रोज चारला देवळात जाऊ लागली. मला वाटलं, वय झालं. येताना पदरावर पांढरं असायचं. मला वाटलं, अंगारा. मग बायकोने मला बाजूला घेऊन सांगितलं. आई शेजारी काकूंच्या स्वयंपाकघरात उभी राहून दळते. काकूंची सून नाक मुरडते, म्हणून आईने घंटी विकायला काढलीय. रविवारी दिघ्याचा एक माणूस टेम्पो घेऊन येणार. गल्लीतल्या बायकांनाही तिने सांगून टाकलंय, आता तुमची सोय बघा.

आईंशी बोला, असं बायको म्हणाली. मी बोलतो म्हटलं, आणि बोललो नाही. कारण मग मॅडमसमोर कबूल करावं लागलं असतं की मी त्यांना अर्धं घर दाखवलंच नाही. आमच्या घराण्यात ताकद पाठीला मिळाली, जिभेला नाही.

रविवारी सकाळी सुतार प्लाय घेऊन हजर, मॅडम खुणा करायला हजर. दारापाशी त्या गुडघे टेकून बसल्या. तिथला मोठा प्लग त्यांनी बोटाने पुसला आणि विचारलं, इथं काय लावत होता?

"इस्त्री," मी म्हणालो.

"इस्त्रीतून पीठ पडतं?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून घरघर सुरू झाली. आईचं शेवटचं दळण चाललं होतं. मॅडम उठल्या आणि अनवाणीच काकूंच्या घरात शिरल्या. मागोमाग मी. पिठाने पांढरी झालेली आई, आणि तिच्याभोवती आमच्या ट्रंका, आमच्या गाद्या, आमचं पिंप. आमचं खरं घर शेजारी राहायला गेलं होतं.

मॅडमनी पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. "मावशी, तुमचं एवढं काम आहे, मला का नाही सांगितलं?"

"तुमी चित्रात जागा धरली न्हाय," आई म्हणाली. "मला वाटलं, आता असलं काय घरात ठेवत न्हाईत."

"मला दिसलं तेवढंच काढलं मी."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने माझ्या अंगावरचं सगळं लॅमिनेट सुटून आलं.

पुढे दोन तास मॅडमनी कुणाला टेकू दिलं नाही. वडिलांनी संसार उलट दिशेने वाहिला. सगळं पुन्हा मोजलं गेलं, या वेळी आईला मधे उभं करून: हात कुठवर जातो, डबे कुठे ठेवते, बायका कुठे थांबतात. वही आणली नव्हती म्हणून भिंतीवरच पेन्सिल चालली. घंटी दारापाशीच, तिच्याखाली जाड रबर, वर डब्यांचं फडताळ, आणि खिडकीला बाहेरून एक फळी, म्हणजे बाई चप्पल न काढता दळण ठेवून जाईल. योगासनांचा कोपरा पिंपाला गेला. वडिलांनी तो मोठ्या मनाने सोडला. आई आधी नुसती मान हलवत होती. मग पुढे झाली.

"फळी चार बोटं खाली घ्या. म्हाताऱ्यांचा हात पोचाया पायजे."

मॅडमनी रेघ खोडून चार बोटं खाली ओढली.

दुपारी दिघ्याचा माणूस आला. दारात उभं राहून मशीन कुठाय म्हणाला. आम्ही सगळे आईकडे बघू लागलो. तिने पदराला हात पुसले.

"मशीन द्यायचं न्हाय आता. लांबनं आलाय, चहा घ्या. आन् दळण असलं तर आणून द्या."

त्याने तोंड वाकडं करून दोन कप चहा घेतला. आता महिन्यातून दोनदा दिघ्याहून त्याच्या घरचे डबे येतात, आणि आई ते फळीवरूनच आत ओढून घेते.