तानूबाई आणि चार जाड तारा

तानूबाईच्या कानाची ख्याती टेलिफोनच्या कारखान्यात थेट साहेबांच्या खोलीपर्यंत पोचली होती. नव्या रिसीव्हरमध्ये बारीकशी खरखर असली, तर यंत्रावरचा काटा हलायच्या आधी ती सांगायची. खानापूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती बंगळूरला आली १९५१ साली. नवरा मल्लाप्पा लॉरी चालवायचा. पाच वर्षांनी कारखान्यात बायकांची भरती निघाली, तेव्हा ती शेजारणीला सोबत म्हणून गेली. शेजारीण घरी परत आली आणि तानूबाईला नोकरी लागली. आधी सहा वर्षं सोल्डरिंगच्या टेबलावर, मग तपासणीत. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि कारखान्यात ज्याला जे कळेल ते, असा तिचा कारभार.

मल्लेश्वरमच्या त्यांच्या बैठ्या चाळीत १९६६ साली शेजारच्या खोल्यांत उपेंद्र राहायला आला. पुण्याचा, एकटा, संशोधन संस्थेत नोकरीला. महिन्याभरात त्यानं सुताराकडून फणसाच्या फळीची गिटार करून घेतली. साधी नव्हे, बास गिटार. तिला चारच तारा, पण कपडे वाळत घालायच्या तारेएवढ्या जाड. त्या त्यानं कँटोन्मेंटातल्या पियानो दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडून आणल्या होत्या. तारांखाली चुंबक आणि तांब्याचं वेटोळं बसवलं, तिथून वायर काढून रेडिओच्या पाठीमागे खोचली, आणि एका रविवारी सकाळी वाजवायला सुरुवात केली.

भिंतीच्या या बाजूला तानूबाई भाकऱ्या थापत होती. पलीकडून येणारा आवाज ऐकून तिला वाटलं, कुणीतरी घोंगडीत तोंड खुपसून खाकरतंय. तिनं दोन भाकऱ्या सोसलं. तिसरी तव्यावरून उतरवली, हात पुसले आणि ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

“काय वाजवालास रे हे?”

“बास आहे अक्का. म्हणजे गाण्याच्या खालचा सूर. आमच्या संस्थेतल्या मुलामुलींचा ऑर्केस्ट्रा आहे, त्यात मी हे वाजवणार.” उपेंद्रनं रेडिओचं बटण पुरतं फिरवलं. खाकरणं वाढलं आणि त्यावर फोडणीसारखी चरचरही आली. “आवाजच निघत नाही नीट. तारा खराब असतील.”

तानूबाईनं खाली बसून गिटारच्या फळीला कान लावला आणि अंगठ्यानं एक तार ओढली. लाकडाच्या पोटातून असा गोल, भरलेला सूर आला की तिच्या जबड्यापर्यंत गुदगुल्या झाल्या. तिनं परत ओढली. मग चारही ओढल्या.

“तारा बेस हाईत,” ती म्हणाली. “तुझा आवाज वाटेतच मरालाय. इवलासा निघतो, एवढ्या लांब वायरीतनं रेडिओपर्यंत जाईस्तोवर त्याच्यात जीव ऱ्हात न्हाई. लांबच्या ट्रंक लायनीवर आम्ही मधी आवाज वाढवायची पेटी देतो की. तसं सुरुवातीलाच बळ द्याला पायजे त्याला.”

“प्रीअँप्लिफायर,” उपेंद्र हळूच म्हणाला.

“नाव काय बी असूंदे. करणार काय?”

त्यानं आकृती काढली आणि दोन ट्रान्झिस्टर मिळवले. सोल्डरिंग मात्र त्यानं स्वतः केलं, आणि पहिला ट्रान्झिस्टर तापून मेला. तानूबाईनं त्याच्या हातातलं अवजार काढून घेतलं. ट्रान्झिस्टरचा पाय चिमट्यात धरला, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते, आणि मोहरीएवढ्या थेंबात जोड पक्का केला. उपेंद्रनं लावलेले बोराएवढे गोळेही तिनं एकेक करून उतरवले. त्याला राग आला नाही. तो नुसता मान खाली घालून बघत बसला.

हे सगळं बसवायला डबा झाला तो मल्लाप्पाच्या जेवणाचा जुना अॅल्युमिनियमचा. पायानं चालू-बंद करायचं बटण कुठून आणायचं, हा प्रश्न मल्लाप्पानंच सोडवला. लॉरीचे दिवे वरखाली करायला ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी बटण असतं, तसलं एक त्यानं मोडीतून आणून दिलं. ते डब्याच्या झाकणावर बसवलं. पायानं दाबलं की खट्ट, आवाज डब्यातून जाणार. परत दाबलं की खट्ट, डब्याला वगळून सरळ रेडिओत.

मग पाच रविवार त्या दोघांना दुसरं काही सुचलं नाही. उपेंद्र मीटर घेऊन डब्यातले भाग बदलायचा आणि तानूबाई तारा छेडून निकाल द्यायची. “चिखल हाय अजून.” “आता लईच पातळ झालं, ताकासारखं.” मध्येच डबा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणायला लागला, तेव्हा डब्यालाच जमिनीची वायर, म्हणजे अर्थिंग, जोडली पाहिजे, हेही तिनंच सांगितलं. छेडून छेडून तिची बोटं आपोआप सूर शोधायला लागली. आधी भजनाचा ठेका आला, मग उपेंद्र शिट्टीवर वाजवायचा त्या ऑर्केस्ट्राच्या चाली. कधी कधी तो मीटर ठेवून नुसता ऐकत बसायचा आणि तिला ते कळायचंही नाही.

पाचव्या रविवारी दुपारी त्यानं शेवटचा भाग बसवला. तानूबाईनं पाय ठेवला, खट्ट, आणि सगळ्यात जाड तार ओढली.

फडताळातले पितळी पेले चालायला लागले. एक तर काठापर्यंत येऊन वाकून बघायला लागला. जमीन तळव्यांना बोलत होती, आणि तरी सूर अगदी स्वच्छ होता, धुतल्यासारखा. भिंतीपलीकडे झोपलेला मल्लाप्पा बनियनवर उठून रस्त्यावर धावला. आपली लॉरी कोण चालू करतंय, हे बघायला. तो परत येऊन दारात उभा राहिला तेव्हा तानूबाई आणि उपेंद्र जमिनीवर बसून इतके हसत होते की दोघांनाही बोलता येईना. काय झालं ते न कळताच मल्लाप्पाही हसायला लागला.

मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन पुढच्या रविवारी दुपारी चारला होतं आणि त्यात उपेंद्रचा ऑर्केस्ट्रा होता. आठवडाभर त्यानं रोज तीन-तीन तास सराव केला. शुक्रवारी तो दारात आला. डाव्या हाताची चार बोटं बँडेजात होती. पियानोच्या तारांनी सालपटं निघाली होती.

“अक्का, तुम्ही वाजवा.”

“खुळा हाईस काय? मी लुगडं नेसून तिथं बसू?”

“तुमची बोटं बघा आणि माझी बघा.”

तिनं बघितली. सोल्डरचे आणि तव्याचे चटके खाऊन तिची बोटं चिंचोक्यासारखी झाली होती. पाच रविवार वाजवूनही एक फोड नव्हता.

“वाजव की,” भात कालवता कालवता मल्लाप्पा म्हणाला. “घरात वाजवालीसच.”

मंडळाच्या चिटणीस हेमलताबाईंनी रविवारी रंगमंचामागे तिला बघितलं आणि विचारलं, “तुम्ही चहाच्या व्यवस्थेत ना?”

“न्हाई,” तानूबाई म्हणाली, “मी बासवर हाय.” आणि हेमलताबाई काही विचारायच्या आत पडदा उघडला.

मांडीवर फणसाची गिटार, पायाशी जेवणाचा डबा, डब्याची वायर सभागृहाच्या मोठ्या स्पीकरला. समोर दोनशे माणसं. गाणारी नयना माइकपाशी उभी होती. तिनं मान हलवली, ड्रमवर काठी पडली. तानूबाईनं बटण दाबलं, पण चप्पल खाली काढून ठेवलेली आणि बटण ड्रायव्हरच्या बुटासाठी केलेलं. ते दबेना. पहिली ओळ तशीच गेली, घोंगडीतली. दुसऱ्या ओळीला तिनं गुडघा उचलला आणि टाच हाणली.

खट्ट.

पुढच्या रांगेतल्या लोखंडी खुर्च्या थरारल्या. बसलेली माणसं चपापून एकमेकांकडे बघायला लागली आणि मग, काय होतंय हे कळायच्या आत, त्यांचे पाय हलायला लागले. नयनाचा आवाज आत्तापर्यंत हवेत लोंबकळत होता, त्याला खाली पाय ठेवायला जमीन मिळाली. ती गाता गाता वळून हसली. तानूबाईला आता माणसं दिसत नव्हती. तिला वाटत होतं की आपण सबंध सभागृह मांडीवर घेतलंय आणि हवं तसं डोलवतोय. अंगठ्यापासून मस्तकापर्यंत सूर भरला होता, आणि हसू इतकं दाटून आलं होतं की ते आवरायला तिनं लुगड्याचा पदर दातात धरला.

तीन गाणी ठरली होती, सहा झाली. शेवटच्या गाण्याला हेमलताबाई चहाची किटली हातात घेऊन ताल धरत होत्या. सगळ्यात मागे मल्लाप्पा खुर्चीवर उभा होता. त्याला कुणी खाली बसायला सांगत होतं, पण त्याला ऐकू येत नव्हतं.

पडदा पडल्यावर उपेंद्र धावत आला. तिला नमस्कार करावा की हातात हात घ्यावा हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं बँडेजच्या हातासकट दोन्ही हात नुसतेच वर केले.

“अक्का, कसं वाटलं?”

“बोटं अजून थांबंनात रे,” तानूबाई म्हणाली. “परत कधी हाय?”

परत पंधरा दिवसांनी होतं, आणि त्यानंतरही होत राहिलं. उपेंद्रची बोटं बरी झाली तरी त्यानं बास परत मागितला नाही. तो साधी गिटार शिकला. तानूबाई कारखान्यातल्या टेबलावर बसून रिसीव्हर कानाला लावायची, तेव्हा शेजारच्या बायका तिच्या पायाकडे बघायच्या. तो टेबलाखाली सारखा ठेका धरून असायचा.

डब्याची बातमी कँटोन्मेंटपर्यंत गेली. एका शनिवारी दुपारी स्कूटरवर पाठीला बास अडकवलेला, केस कपाळावर आलेला एक तरुण चाळीत शिरला आणि इंग्रजीत विचारत सुटला, ती बाई कुठे राहते. तानूबाई धुणं पिळत होती. त्याच्या बोलण्यातलं तिला एवढंच कळलं की याचाही आवाज वाटेत मरतोय.

“स्वल्प तडी,” म्हणजे जरा थांब, असं ती कन्नडमध्ये म्हणाली, आणि ओले हात पदराला पुसत मल्लाप्पाचा दुसरा डबा शोधायला आत गेली.