मुनिरक्याची घरमालकीण

ती माणसांना भर दुपारी घाबरवायची. खिडकी सताड उघडी, कूलर घरघरतोय, खाली गल्लीत भाजीवाला ओरडतोय, पुढ्यात पोह्यांच्या बशा, आणि अशात ती हळूच सांगायची, "तुम्ही दार ढकलता. आत गॅसवर चहा उकळतोय. दोन कप मांडलेत. घरात कोणीही नाही." आमच्यातला एक धिप्पाड इंजिनियर अशा वेळी पोहे चावायचं विसरून जायचा.

आम्ही तिला घरमालकीण म्हणायचो. फासे टाकून खेळायचे गोष्टीचे खेळ असतात. त्यात प्रत्येक जण एकेक पात्र होतो आणि एक जण त्यांच्याभोवतीची सगळी दुनिया रचून चालवतो. आमची दुनिया ती रचायची, आणि ती दुनिया म्हणजे दर वेळी एक नवं झपाटलेलं घर असे. स्वतः मात्र दिल्लीत, मुनिरक्यात तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहायची. मी रविवारी गाझियाबादहून मेट्रोने जायचो. दारात दिसलो की म्हणायची, "या भाडेकरू. चपला बाहेर, जीव आत."

भुताची घाई तिला खपत नसे. एकदा मी मोठ्या हौसेने एक घर रचून नेलं आणि पहिल्याच खोलीत सांगाडा टांगला. तिने नकाशा उलटसुलट करून पाहिला. "यार, हे घर आहे की कॉलेजची लॅब? इथे कोण राहायचं? डाळीला फोडणी कशाची द्यायचे? ते ठरव, भूत आपलं आपण येईल." मग सांगाडा खोडून तिने तिथे दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा काढल्या, वाढत्या मुलाची उंची मोजतात तशा. मोठ्या माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर रेघा थांबल्या होत्या. तो नकाशा मी घरी नेला नाही.

प्रत्येक घराचा नकाशा ती भिंतीवर खिळ्याने ठोकायची, वर-खाली दोन ओळींत. चिकटपट्टी आणून दिली तरी वापरायची नाही. तिचे वडील फौजेत सुभेदार. बालपण एका छावणीतून दुसऱ्या छावणीत गेलेलं, आणि सरकारी क्वार्टर सोडताना खिळे उपटून भिंतीतली भोकं टूथपेस्टने बुजवायची ही घरची शिस्त. "तपासणीवाल्याला वाटलं पाहिजे की इथे कोणी राहिलंच नव्हतं," ती हसत सांगायची, आणि मग एखाद्या खिळ्यावरून बोट फिरवायची. "खिळा गेला, फोटो गेला, भोक राहिलं. भूत म्हणजे तेवढंच. बाकी सगळी सजावट."

त्यामुळे तिची भुतं कोणाच्या मानगुटीवर बसत नसत. आपण इथे होतो हे कोणीतरी ओळखावं म्हणून ती बिचारी थांबलेली असत. तिच्या घरातून सुटायची वाटही एकच होती. तिथे कोण राहत होतं ते शोधायचं आणि मोठ्याने सांगायचं. सांगितलं की दार उघडायचं.

हे सगळं तिने वडिलांना कधी कळू दिलं नाही. त्यांचा फोन आला की आम्हाला तोंडावर बोट ठेवून गप्प करायची. "काय सांगू बाबांना? शिकायला पाठवलं दिल्लीत आणि मुलगी भुताची घरं बांधते? एकदा नीट दाखवीन ना त्यांना. बिल्कुल दाखवीन."

पावसाळा सरता सरता तिला डेंग्यू झाला. आम्ही तेव्हा नव्या घरात, धुक्यातल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात अडकलो होतो. "या रविवारी घर बंद," असा तिचा मेसेज आला. पुढच्या रविवारी ती नव्हती. माझा अजूनही त्या वाक्यावर विश्वास बसत नाही.

खोली रिकामी करायला काका, म्हणजे तिचे वडील, साताऱ्याहून एकटेच आले. मी मदतीला गेलो तेव्हा सामान बांधून झालं होतं. नकाशे घडी करून ट्रंकेत ठेवले होते, खिळे उपटले होते, आणि काकांच्या हातात टूथपेस्टची ट्यूब होती.

"काका, राहू द्या. खोलीचा मालक रंग देणारच आहे."

"असं कसं? खोली सोडायची तर नीट सोडायची." त्यांनी बोटावर टूथपेस्ट घेतली आणि पहिल्या भोकापाशी थांबले. "इथं काय होतं?"

"तिने रचलेलं एक घर. तिथला माणूस रोज दोन कप चहा करायचा."

"दोन का?"

"बायको गेली होती."

त्यांनी ते भोक बुजवलं. मग पुढचं विचारलं. मी सांगत गेलो, ते बुजवत गेले.

"एवढं सगळं तिनं डोक्यातनं काढलं?"

"हो."

"मला कधी बोलली नाही."

वरची ओळ संपल्यावर त्यांनी ट्यूबचं झाकण लावलं.

"काका, खालची राहिली."

"खालची तिची," ते म्हणाले. "लहान असल्यापासनं. वरची माझी, खालची तिची." आणि गुंडाळलेल्या गादीवर बसले.

ट्यूब मीच उचलली. गुडघ्यांवर बसून एकेक भोक बुजवलं, प्रत्येकाचं घर त्यांना सांगितलं. शेवटचं राहिलं ते धुक्यातल्या बंगल्याचं.

"आणि तिथं?" काकांनी विचारलं. "तिथं कोण राहायचं?"

ते तिने आम्हाला अजून सांगितलं नव्हतं. मी तिचं नाव घेतलं. मोठ्याने.

दार उघडंच होतं. आम्ही दोघेही बराच वेळ उठलो नाही.