सिस्टरांनी मला सांगितलं होतं

देवळाली प्रवराहून रूथवहिनींचा फोन आला तेव्हा मी संगमनेरला आमच्या नर्सिंग कॉलेजात मुलींची प्रॅक्टिकल परीक्षा घेत होते. ‘‘सिस्टर गेल्या,’’ एवढंच त्या म्हणाल्या. साळवे सिस्टर म्हणजे मला नर्सिंग शिकवणाऱ्या बाई, आणि रूथवहिनी त्यांच्या भावजय. आदल्याच दिवशी दुपारी सिस्टर आणि मी फोनवर बोललो होतो... महिना होत आला, पण ‘‘काय झालं होतं हो त्यांना?’’ असं कुणी विचारलं की मी अजून विषय बदलते.

नगरला आम्ही शिकायला होतो तेव्हा सिस्टरांचा दरारा असा, की वॉर्डात त्यांच्या चपलांचा आवाज आला की चादरींच्या सुरकुत्या आपोआप निघायच्या. ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या पोटाला हात लावण्याआधी त्या तळहात एकमेकांवर चोळून गरम करायच्या. ‘‘गार हात लावलास तर पोट तुझ्याशी खोटं बोलेल,’’ म्हणायच्या. आणि आजारी नर्सनं स्वतःला तपासायचं नाही, हा त्यांचा नियम. होस्टेलवर एकदा मी तापानं फणफणले असताना थर्मामीटर घेऊन बसले, तर त्यांनी तो काढून शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या हातात दिला. ‘‘ही सांगेल ते मुकाट्यानं ऐकायचं.’’ ती मुलगी माझ्याहून ढ होती, त्यामुळे मला तापापेक्षा रागच जास्त चढला.

निवृत्तीनंतर त्या देवळालीला भावाकडे राहायच्या. फोन करायच्या तो बहुधा मी मुलींना काय शिकवते याची उलटतपासणी घ्यायला. त्या दुपारी मात्र म्हणाल्या, ‘‘कालपासून पोटात उजवीकडे, खाली दुखत होतं. उलटीही झाली, अंगात कसर आहे. आता दुखणं एकदम थांबलंय बघ.’’ दारात परीक्षेच्या मुली खोळंबल्या होत्या. ‘‘छान झालं की,’’ मी म्हणाले. ‘‘आता जरा झोपा, सिस्टर.’’ ‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या.

संध्याकाळी अंग गार पडायला लागलं तेव्हा त्यांना नगरला हलवलं, पण अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला होता. अपेंडिक्सचं दुखणं औषधाविना असं एकदम थांबलं, तर ते बरं झालेलं नसतं. बहुधा आत फुटलेलं असतं. हे मला सिस्टरांनीच शिकवलं, आणि दर वर्षी मी ते फळ्यावर लिहिते. एखाद्या अनोळखी बाईनं हेच सांगितलं असतं तर मी तिला तिथल्या तिथे दवाखान्यात धाडलं असतं. पण बोलत होत्या सिस्टर. मी पेशंटचं ऐकलंच नाही, माझ्या बाईंचं ऐकलं. त्यांना काय ते कळत असणारच, असं धरून चालले. मला माझी लाज वाटते. कधी कधी त्यांचाही राग येतो. ओरडायचं ना माझ्यावर, नेहमीसारखं!

गेल्या रविवारी देवळालीला गेले. चर्चमधून आलेल्या वहिनींनी मला सिस्टरांच्या खोलीतच बसवलं. चहा झाला.

‘‘त्या दुपारी आमी दवाखान्यात न्यायला गाडी काढत हुतो,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘ह्यांनी चावीबी घेतली हुती हातात. तर म्हनल्या, थांबा, आदी तिला इचारते. ती सांगंल तसंच करायचं.’’

मी रिकामा कप खाली ठेवला.

‘‘मग तुमी काय सांगितलं?’’

त्यांच्या विचारण्यात राग नव्हता. खरंच माहीत नव्हतं त्यांना. काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेता आली असती.

‘‘झोपा म्हणाले.’’

वहिनींनी खाटेवरची चादर उगाचच सारखी केली.

‘‘व्हय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फोन ठेवला अन् लगीच निजल्या.’’