कॅमेऱ्याचं भ्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मालकांना नाही, पोरांना नाही. आता तुम्हाला सांगते — लपवून तरी कुणाची इज्जत राखायची?

निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. नळदुर्गात आमचं कापडाचं दुकान. मी घरातली धाकटी सून. थोरल्या जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. त्या तरुणपणीच विधवा झाल्या. भावजींनी त्यांना सोलापूरहून हातानं फिरवायची शिलाई मशीन आणून दिली होती. भावजी गेले, मशीन राहिली. अक्का गावातल्या बायकांच्या चोळ्या शिवायच्या. काम सरलं की मशीन पुसून तिच्यावर खोळ घालायच्या — लेकराला कुंची घालावी तशी.

मलाही शिकवलं त्यांनी. माझ्या हातून सुया मोडायच्या. अक्का कधी रागावल्या नाहीत. मग मला त्यांचा हेवा का वाटावा? दारात येणाऱ्या बाया अक्कांना विचारायच्या, मला कुणी विचारत नव्हतं. एवढंच होतं का? एवढंच.

एकदा सोलापूरचा फोटोवाला बाजारात पडदा बांधून बसला. लोक आपापली जिवाभावाची वस्तू घेऊन यायला लागले. कुणी बंदूक, कुणी ग्रामोफोन. एक म्हातारा नुसती झूल खांद्यावर घेऊन बसला — बैल मेला होता.

मामंजी अक्कांना म्हणाले, "तूबी काढून घे. मशीन घेऊन बस."

अक्का लाजल्या. ठेवणीतलं इरकल नेसायला आत जाता जाता मला म्हणाल्या, "गौरा, तू मशीन घेऊन हो म्होरं. त्याला म्हणावं, आलेच."

मी गेले. फोटोवाला आवराआवर करत होता, त्याची मोटार सुटायची होती. "एकच निघंल," म्हणाला. "कुणाचा काढायचा?"

अन् मी — मी म्हणाले, "मशीनवाल्या बाई यायच्या न्हाईत. त्यांना कॅमेऱ्याचं भ्या वाटतं. माझाच काढा."

किती सहज निघालं ते तोंडातून! मशीनच्या मुठीवर हात ठेवून मी बसले.

अक्का आल्या तेव्हा मोटार गेली होती. केस विंचरलेले, कपाळाला ताजी विभूती. "त्याला घाई होती, एकच निघाला — माझा," मी म्हणाले. त्यांनी मशीन उचलून कडेवर घेतली अन् घराकडं चालू लागल्या.

पुढं रझाकारांच्या धामधुमीत आम्ही घरदार सोडून सोलापूरला गेलो. मशीन मागं राहिली, ती परत दिसली नाही. अक्का तिकडंच तापानं गेल्या. त्यांचा एकही फोटो नाही. माझा आहे — भिंतीवर. नातसुना पाहुण्यांना सांगतात, आमच्या आजी अख्ख्या गावाच्या चोळ्या शिवायच्या. मी ऐकते. नाही म्हणत नाही.

पण अजून एक राहिलं. तेच जड जातं.

धामधुमीच्या आदल्या उन्हाळ्यात तो फोटोवाला आमच्या दुकानात कापड घ्यायला आला. अक्का त्याला पाणी द्यायला बाहेर गेल्या, मी आतल्या दारात होते. मामंजींनी सांगितलं, ही आमची थोरली सून, मशीन चालवती.

तो हसला. "तुमीच व्हय त्या? कॅमेऱ्याचं भ्या वाटतं म्हणून आला न्हाईत."

मामंजींनी चमकून वर पाहिलं. अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. लई वेळ नाही — तांब्या खाली ठेवण्याइतकाच. मग त्याला म्हणाल्या, "व्हय. वाटतं मला."

"कॅमेरा संगं हाय. आता काढू का?"

"नको."

अक्का खोटं बोलत्यात, खोटं माझं हाय — एवढं म्हणायला काय लागत होतं? मी दाराची चौकट धरून उभी राहिले. अक्का माझ्या अंगावरून आत गेल्या, खोळ काढली, अन् माझ्या लेकराचं अर्धवट राहिलेलं झबलं शिवायला बसल्या.