टोपीखालचं कपाळ

छावणीच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि शेजारी लक्ष्मणचा फोटो स्टुडिओ. तीस वर्षांचा शेजार, त्यामुळे त्याच्याविषयी वाकडं बोलायचा हक्क माझा. माणूस तसा तिरसट. ‘फोटो छान झालाय’ म्हणालात की लगेच विचारणार, “छान राहू द्या. जोड दिसला का, ते सांगा.”

एकाच्या अंगावर दुसऱ्याचा चेहरा बसवणं हे त्याचं खास काम. घरातलं कुणी गेलं आणि भिंतीवर लावण्याजोगा फोटोच नाही असं लक्षात आलं, की लोक त्याच्याकडे येतात. त्याच्या कॉम्प्युटरवर कोट घातलेली कितीतरी बिनडोक्याची माणसं रांगेनं बसलेली आहेत. चेहरा तो आधार कार्डावरून उचलतो, नाहीतर लग्नाच्या पंगतीतून. आधी उजेड बघतो. चेहऱ्यावर डावीकडून ऊन आणि कोटावर उजवीकडून, असं झालं की ढोंग उघडं पडतं, म्हणतो. मग मानेचा रंग, मग कॉलरची सावली. इतक्या वर्षांत त्याचा जोड कुणाला सापडला नाही, याचा त्याला भारी गर्व. मलाही होता, खोटं कशाला बोलू.

मागच्या वर्षी हर्सूलहून विश्वजीत आला, आई आशाबाईंना घेऊन. वडील आप्पासाहेब जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला आईवडिलांचा जोडीचा फोटो लावायचा होता, आणि जोडीनं असे ते कधी बसलेच नव्हते. विश्वजीतनं आधी मोबाइलच्या अ‍ॅपवर करून पाहिलं होतं. त्यात आप्पासाहेब तिशीचे दिसत होते आणि भलत्याच कुणाचे दात दाखवून हसत होते.

लक्ष्मणनं आशाबाईंना खुर्चीवर बसवलं, शेजारची खुर्ची रिकामी ठेवली आणि फोटो काढला. आप्पासाहेबांचे होते नव्हते ते सगळे फोटो टोपीतले. मुलाला मात्र वडील सुटात, उघड्या डोक्यानं हवे होते. लक्ष्मणनं टोपी उतरवली आणि खालचं कपाळ स्वतःच्या अंदाजानं तयार केलं.

चार दिवसांनी मायलेक बघायला आले. चहा घेऊन मीही तिथंच उभा होतो. विश्वजीत एकदम खूश. आशाबाई मात्र कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

“तोंड यांचंच हाय,” त्या म्हणाल्या, “पण कपाळ यांचं नाय.”

लक्ष्मणच्या कपाळावर आठ्या. “काय चुकलं, सांगा.”

“जलमभर टोपी घालून उन्हात राबले. भुवईच्या वर दोन बोटं काळं, अन् तिथून वर पांढरं फटक. आखल्यावानी रेघ व्हती.”

“मावशी, तशी रेघ काढली तर लोक म्हणतील, चेहरा चिकटवलाय. त्यापेक्षा टोपीच ठेवू की. कुणी नाव ठेवणार नाही.”

“टोपीतले सगळ्या गावानं बघितलेत,” आशाबाई हळूच म्हणाल्या. “हितं ते माझ्यापाशी बसलेत.”

विश्वजीत खाली बघायला लागला. लक्ष्मणनं एक स्टूल स्वतःच्या शेजारी ओढलं. “बसा. कुठून काढू, दाखवा.”

दुपारभर ते चाललं. “जरा खाली. कानाकडं झुकती बघा,” त्या पडद्यावर बोट ठेवून सांगायच्या आणि हा मुकाट्यानं काढायचा. शेवटी त्यांनी मान डोलावली आणि डोक्यावरचा पदर नीट केला, समोर कुणी आल्यासारखा. मायलेक गेल्यावर लक्ष्मण मला म्हणाला, “फोटोखाली माझं नाव आहे. आता हे नाव जाणार.” फोटो परत दुरुस्त मात्र त्यानं केला नाही.

वर्षश्राद्धाला आम्हा दोघांनाही जेवायला बोलावणं होतं. पंगत बसली होती, समोर जोडीचा फोटो, आप्पासाहेबांच्या बाजूला फुलं वाहिलेली. पलीकडच्या ओळीतले एक पाहुणे मोठ्यानं म्हणाले, “कुणी केला हो हा? कपाळावर जोड सरळ सरळ दिसतोय की!”

सगळ्या माना फोटोकडे वळल्या. दोनचार जण हसलेही. आशाबाई खिरीचं पातेलं घेऊन मध्येच थबकल्या, चेहरा उतरला. मला राहवेना. त्या पाहुण्याला चांगलं सुनवायला मी तोंड उघडलं, तर लक्ष्मणनं माझा गुडघा दाबला.

“मीच केलाय,” तो म्हणाला. “चुकला जोड. वय झालं आता, नजर पहिल्यासारखी राहिली नाही.”

पाहुण्यांचं समाधान झालं आणि पंगत पुन्हा जेवायला लागली. आशाबाई पुढं आल्या. त्याच्या वाटीत त्या खीर वाढतच राहिल्या. वाटी भरून पत्रावळीवर सांडायला लागली, तरी लक्ष्मणला ‘पुरे’ म्हणायचं सुचलं नाही.