वन्संची गाडी आणि ह्यांची पाठ

अर्धे कपडे दोरीवर आणि अर्धे बादलीत असताना खालून हॉर्न वाजला. दोन चिमटे माझ्या दातांत होते. वन्सं घंटी वाजवत नाहीत, हाकही मारत नाहीत. हॉर्नवर हात ठेवतात आणि माणूस जिन्यात दिसेपर्यंत काढत नाहीत. चादर पिळासकट बादलीत टाकली, देवापुढे घाईत डोकं टेकवलं आणि निघाले.

माझ्या रोजच्या वहीत मी शक्यतो कुणाबद्दल वाकडं लिहीत नाही. नाम घेऊन झोपायचं तर मन स्वच्छ हवं. पण वन्संबद्दल सरळ लिहायला बसलं तरी वाकडंच उमटतं, त्याला माझा इलाज नाही. आज तर मुळीच नाही.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आमच्याच घरात तळमजल्याच्या खोलीत राहतात, आम्ही वर. काम लिफ्ट तपासण्याचं. उंच इमारतींतून फिरायचं, गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत शिरायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचे, आणि थांबताना लिफ्टनं धक्का दिला की दारावर लाल कागद चिकटवून ती बंद करायची. "अहो, आमच्या आजी दहाव्या मजल्यावर आजारी आहेत," असं कुणी काकुळतीला येऊन म्हटलं, की वन्सं म्हणतात, "मग आजींना धक्का नको ना? बंद." लोक मागे त्यांना 'लाल कागद' म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे आणि आवडतं.

नवरा सोडून गेला त्याच महिन्यात त्यांनी ही गाडी आणली. दोन दारांची, बुटकी, गडद हिरवी. मागच्या सीटवर बसायचं म्हणजे अंगाची घडी घालून कपाटात ठेवल्यासारखं. कुणी विचारलंच तर सांगतात, "तो नुसता बसून खायचा. ही निदान पळते." गाडी बारा महिने चालते. धो धो पाऊस असो, काचेवर बर्फासारखं दव गोठलेलं असो, डांबर चपलेला चिकटणारं ऊन असो, वन्सं तिच्यातूनच कामावर जातात. आणि रविवारी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर हौशी लोक गाड्या पळवतात, तिथे जाऊन मिसरूड फुटलेल्या पोरांना मागे टाकून येतात. त्या संध्याकाळी त्या जिन्याखाली गुणगुणतात. एरवी त्यांच्या तोंडून सूर मी ऐकलेला नाही.

हे सुतार. छताला फळ्या ठोकताना शिडीवरून पडले आणि मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, वर्षभर रोज व्यायामाला आणा. हयगय केलीत तर काठी जन्माची. दवाखाना टेकडीपलीकडे. बस पायथ्याशी सोडते. मला गाडी येत नाही. घरात चालवणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे ज्यांच्याशी ह्यांचं लहानपणापासून हाडवैर. ह्यांनी सहाव्या वर्षी त्यांच्या सायकलची घंटी देऊन गोट्या घेतल्या, तो राग वन्संनी अजून जपून ठेवलाय. नेतात मात्र रोज. का नेतात ते मी विचारलेलं नाही. उत्तर ऐकावंसं वाटणार नाही याची खात्री आहे.

ऑपरेशन झालं त्याच सुमारास गाडीच्या जुन्या स्प्रिंगा बसल्या आणि धक्के झेलणाऱ्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं. नवीन सामान घ्यायला वन्सं गेल्या तेव्हा मी बरोबर होते. दुकानदार शांत माणूस, बोलताना हात पुसत राहणारा. त्यानं तीन प्रकार काढून ठेवले.

"नुसत्या आखूड स्प्रिंगा घालू नका," तो म्हणाला. "गाडी दिसेल छान, पण शॉकअप मरतील. हा शर्यतीचा सेट, खड्ड्यात दात हलवील. हा मधला. थोडा कडक, पण रोजच्या रस्त्याला धरून. गाडी रोज चालते ना?"

"रोज."

"थंडीतही?"

"थंडीत काय गोधडीत घालून निजवते तिला?"

"मग मधलाच घ्या. शेजारी कुणी बसतं?"

"भाऊ. पाठ कापलीय त्याची."

"मग तर प्रश्नच नाही, बाई."

वन्संनी मधला सेट बोटानं बाजूला सरकवला, जसं ताटातलं नको ते सरकवतात. "हा म्हाताऱ्यांना विका. शर्यतीचा द्या."

मला राहवलं नाही. "वन्सं, निदान ह्यांचा विचार..."

"गाडी माझी, पाठ त्याची. तू जप कर."

मी खरंच जप केला. नाहीतर जे तोंडून निघालं असतं त्याला प्रायश्चित्त नव्हतं.

दुकानदारानं सामान बांधताना दाखवलं, शॉकअपच्या डोक्यावर छोटी खुंटी असते, ती फिरवली की तो कडक किंवा मऊ होतो. "पण डावी-उजवी सारखी ठेवा. आणि खुंटीनं फार फरक पडणार नाही. मुळात स्प्रिंगच कडक आहे. मऊ स्प्रिंगा मागायला याल तुम्ही."

"तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवला तर नाव बदलीन," वन्सं म्हणाल्या.

तेव्हापासून रोजचा प्रवास म्हणजे भांडण आणि खड्डे यांची जुगलबंदी. गल्ली संपायच्या आत हे कण्हायला लागायचे.

"आई गं! यापेक्षा हातगाडीवरून ने."

"हातगाडी ढकलायला माणूस लागतो. तुझ्यासाठी कोण ढकलील?"

"बायको आहे."

"तिचे हात जोडलेले असतात कायम."

मी मागे घडी होऊन बसलेली, ह्यांची काठी मांडीवर आडवी, ओठांवर नाम. देव ऐकत असेल तर त्याला दोघांचा आवाजही ऐकू जात असणार.

थट्टा इथवर ठीक. पण व्यायाम शिकवणारी मुलगी गेल्या आठवड्यात मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, हे इथे पोचतात तेव्हा पाठ लाकडासारखी झालेली असते. अर्धा वेळ ती सैल करण्यातच जातो. असंच राहिलं तर काठी सुटणार नाही." मी हे वन्संना शब्दशः सांगितलं. त्या म्हणाल्या, "लाकूड त्याच्या धंद्याचंच आहे." त्या रात्री मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली नाही.

मग गाडीला काहीतरी झालं. वळणावर ती डावीकडे झुकायची आणि मागून फेकल्यासारखी व्हायची. वन्संनी धावपट्टीचा रविवार सोडला आणि पावसात, अंगाखाली पुठ्ठा घेऊन, गाडीखाली पडून राहिल्या. सगळे नट पुन्हा आवळले, चाकं उतरवून पाहिली. काही सापडेना. दुकानदाराला फोन लावला आणि मला कानात बोटं घालावी लागतील असं बोलल्या. सडका माल, डावा शॉकअप फुटका, चोरांचा बाजार. तो गरीब बिचारा पलीकडून काय म्हणाला देव जाणे.

आज पाण्याच्या टाकीच्या वळणावर गाडी पुन्हा झुकली आणि मागचं चाक सरकलं. समोरून ट्रक येत होता. वन्संनी कशीबशी सावरली.

"बघ! बघ त्या चोराचं काम!" त्या ओरडल्या. "आत्ता जाते आणि त्याच्या दुकानासमोर उभी राहून गाव गोळा करते!"

आणि शेजारी हे हसायला लागले. हसल्यानं पाठ दुखते, म्हणून "आई गं" म्हणत हसत होते.

वन्संनी गाडी कडेला घेतली. खूप हळू विचारलं, "तू हात लावलास?"

"फक्त डाव्या खुंटीला."

"डाव्या?"

"मी डावीकडे बसतो ना. म्हटलं, तेवढी आपली बाजू मऊ. तुझी तुला राहू दे की कडक."

सकाळी हे काठी टेकत आधी खाली जातात आणि वन्संची वाट बघत गाडीत बसतात. तेवढ्यात बॉनेट उघडायचं; खुंटी कशी फिरते ते वन्संना करताना पाहिलेलंच होतं. गाडी लावतात तिथे डाव्या बाजूला कठडा आहे, धरून वाकता येतं. पलंगाची आपली बाजू असते तशी गाडीचीही असते, असं ह्यांना वाटलं. चाळीस वर्षं लाकडाचं काम केलेला माणूस! मी डोळे मिटले.

"अरे ठोंब्या!" वन्संचा आवाज फाटला. "एक बाजू मऊ, एक कडक, म्हणून ती फेकली जातेय! तो ट्रक दिसला ना? तिघं मेलो असतो! ही पण मेली असती, मागे बसून नाव घेता घेता!"

मग ह्यांचंही डोकं फिरलं.

"आणि तू? आख्ख्या गावाच्या लिफ्टा बंद करत फिरतेस. का? तर धक्का देतात. आजींना धक्का नको. आणि रोज सख्ख्या भावाला घेऊन जातेस या खटाऱ्यातून! लाव ना तुझा लाल कागद! लाव की! लोकांच्या म्हाताऱ्यांची तुला काळजी, माझी हाडं काय भंगारात विकत घेतलीस?"

गाडी सावरताना चुकून सुरू झालेले वायपर कोरड्या काचेवर करकरत होते, ते बंद करायचंही वन्संना सुचलं नाही.

"उतर," त्या म्हणाल्या.

"उतरतोच!"

दार उघडलं, दाराला धरून उठले आणि निघाले. तरातरा नाही, पण निघाले. मैलाच्या दगडापर्यंत गेले, तिथून पुढे टाकीच्या भिंतीपर्यंत. हात हवेत, मान ताठ, तोंडानं बहिणीचा उद्धार चालूच.

वन्सं आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काठी कुठे आहे त्याची?"

"माझ्या मांडीवर."

"मग चालतोय कशावर?"

"रागावर," मी म्हटलं.

वन्सं उतरल्या. बॉनेट उघडलं, दोन्ही बाजूंच्या खुंट्या मऊकडे फिरवल्या, मोजून सारख्या. मग डिकी उघडून मागच्याही. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ह्यांना तिथूनच ओरडल्या, "ये! का आता पालखी पाठवू?"

आले. काठीशिवाय आले. मी काठी पुढे केली नाही, आणि वन्संनीही मागितली नाही. बसताना वन्संनी ह्यांच्या पाठीमागे आपलं जाकीट गुंडाळून कोंबलं, खरं तर आदळलंच. "पुन्हा बॉनेटला हात लावलास तर बोटं मोडीन."

"मोड. तेवढीच तर शाबूत आहेत."

पुढच्या रस्त्यावर गाडी फेकली गेली नाही, पण प्रत्येक खड्ड्यानंतर टणाटण उडत राहिली, धक्का होता तसाच. वन्सं मान तिरकी करून ऐकत होत्या, लिफ्टमध्ये ऐकत असतील तशा. दवाखान्याच्या फाटकाशी पोचल्यावर दातांतून म्हणाल्या, "खुंटीनं भागणार नाही. स्प्रिंगच कडक आहे." हे वाक्य कुणाचं ते आम्हा दोघींना माहीत होतं. मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "बघतेस काय? उतरव त्याला."

दुपारी परत आलो तेव्हा बादलीतल्या चादरीला कुबट वास सुटला होता. पुन्हा धुवायला घेतली. माफ केलंय असं लिहिलं तर खोटं होईल. व्यायामाच्या मुलीनं आज ह्यांची काठी कोपऱ्यात ठेवून दोन फेऱ्या मारून घेतल्या, आणि मी देवाचे आभार मानताना वन्संचं नाव त्यात येऊ दिलं नाही. देवाला काय ते कळेल.

संध्याकाळी त्या जिन्यात उभ्या राहून वर ओरडल्या, "अगं ए! उद्या दवाखान्यातून येताना वाकडी वाट करायचीय. तू यायचंस. आणि तिथे तोंडातून अवाक्षर काढायचं नाहीस."

उद्या वन्संना त्या दुकानदाराकडे मऊ स्प्रिंगा मागायला जायचंय.