धाकट्याने नेलेले नमुने

ताईचं पोट हा घरातला थट्टेचा विषय. सगळं घर आडवं झालं तरी ही ठणठणीत. "हिला खिळे दिले तरी पचतील," असं आई म्हणायची. ताई जुने सोफे, खुर्च्या नव्या कापडाने मढवून द्यायची. त्याच कमाईवर तिने धाकट्या भावाला शिकवलं आणि तो जंतूंचा शास्त्रज्ञ झाला.

एकदा त्याने तिच्या शौचाचा नमुना तपासायला नेला. परत आला तो तोंड पाडूनच.

"ताई, जरा शंका आहे. अधूनमधून नमुना द्यावा लागेल. घाबरू नकोस."

घाबरू नकोस म्हटल्यावर माणूस घाबरतोच. ताईने नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नाही. हळूहळू कामं घेणं बंद केलं, दुकान आवरलं, शिलाई मशीन भाचीला देऊन टाकलं. आपल्यामागे अडायला नको म्हणून लेकीला हाताशी धरून स्वयंपाक शिकवला. मधूनच लेकीकडे बघत राहायची, तर ती वैतागायची, "काय गं आई, सारखं काय बघतेस?"

वर्षभराने धाकट्याचं जाहीर भाषण होतं. ताई कौतुकाने पुढेच बसली.

"आपल्या आतड्यात कुठलाही उपरा जंतू सहज टिकत नाही," तो सांगत होता. "पण एका निरोगी बाईच्या पोटात आम्हाला एक जंतू सापडला. त्याची काही जनुकं त्याच्याभोवती साखरेचं आवरण तयार करतात. त्यामुळे शरीर त्याला शत्रू समजत नाही. तो सुखाने राहतो, तीही सुखाने राहते. वर्षभर तिचे नमुने तपासले, दर वेळी तोच!"

निरोगी! पुढचं ताईला काही ऐकूच आलं नाही.

बाहेर तिने त्याला गाठलं. "मला काहीच झालं नव्हतं?"

तो चपापला. "अगं, नुसत्या अभ्यासासाठी तू सारखे नमुने दिले नसतेस, म्हणून... सांगणारच होतो."

"मागून तर बघायचंस! हसत दिले असते रे. तू मला वर्षभर मरणाची वाट बघायला लावलीस."

"ताई, किती आजाऱ्यांना याचा उपयोग होईल!"

"होऊ दे की. पण मी कोण होते तुझी?"



त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. सुटकेने तो आधी हसला, मग तिचे डोळे बघून तिच्याजवळ येऊन बसला.

धाकटा अजून फोन करतो. ताई उचलते, "बरी आहे" म्हणते आणि फोन तिच्याकडेच राहणाऱ्या आईकडे देते. आईला यातलं काहीच माहीत नाही. ती लेकाला तासभर विचारत बसते, जेवलास का, झोपतोस का नीट.